हुशार दिवे आणि मामांची दस्ती

सेनगाव, मंगळवार, २००७

कचेरीची नवी इमारत तपासून आले. माणूस हलला की दिवे आपोआप लागतात म्हणे! पण रेकॉर्ड रूमला खिडकी नाही, अन् मी लिहिताना हलते कुठं? दर दहा मिनिटांनी गुडुप अंधार. कसली हुशार इमारत! मग दारातले शिपाई मामा उठून खांद्यावरची दस्ती, म्हणजे रुमाल, हवेत फिरवायचे, की दिवा हजर.

"मामा, काहून तकलीफ घेता?"

"तुमी लिव्हा मॅडम, मी हाय ना."

या दस्तीला माझ्या तपासणीच्या फॉर्मात रकानाच नाही. शेवटचा प्रश्न होता, दिव्यांमुळे इथला शिपाई कमी करता येईल का? मी विचारात पडले, तोच दिवा गेला. पुन्हा दस्ती फिरली. त्याच उजेडात लिहिलं, 'नाही.'