ठाणेदाराला धीट करण्यामागचा डाव

रा. रा. धनसिंगभाऊ यांस,

मारोतरावाचा आर्णीकडून रामराम, आणि तांड्यावरच्या लहानथोर सर्वांना जय सेवालाल.

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत (असे पत्रात लिहायचे असते म्हणून लिहितो, या घरात कोण कशासाठी ठीक आहे, याचा मला सध्या काहीच भरवसा उरलेला नाही). जमनीवहिनींची कंबर कशी आहे? दवाखान्यातला पट्टा त्या बांधतात की खुंटीला टांगून ठेवतात? तुमची तूर आता फुलावर असेल. धुके पडले तर फूल गळते, सकाळी एक चक्कर मारत जा. आता तुम्ही म्हणाल, फोन असताना मारोतरावाने पत्र कशाला लिहिले. भाऊ, माझा एक कान कमी ऐकतो, म्हणून आमच्या सूनबाईने माझा फोन कायमचा स्पीकरवर करून दिला. तेव्हापासून मी तुमच्याशी बोललेले ओसरीपासून गोठ्यापर्यंत सगळ्यांना ऐकू जाते. हा मजकूर असा नाही की जो बैलांनीही ऐकावा. वाचून झाल्यावर कागद चुलीत घाला, वहिनींच्या हाती पडू देऊ नका. (वहिनींवर माझा अविश्वास नाही. पण त्यांचे आणि आमच्या सौ. तानाबाईचे फोनवर दुपारी बराच वेळ काहीतरी चालते, आणि मी जवळ गेलो की लोणच्याचा विषय निघतो. एवढे लोणचे कोणाच्याच घरी नसते.)

विषय तुम्ही दिलेल्या कुत्र्याचा आहे. पोळा झाल्यावर तुम्ही ते आणून सोडलेत आणि म्हणालात, “याचा बाप रानडुकराच्या मागं धावते.” मी विश्वास ठेवला. बैलबाजारात तुम्ही मला कधी खोटा बैल दाखवला नाही, मग कुत्र्यात कशाला फसवाल, असे मनाशी म्हटले. रुबाब पाहून त्याचे नाव ठाणेदार ठेवले. त्याच संध्याकाळी रस्त्यावर एका ट्रकने हॉर्न मारला आणि ठाणेदार माझ्या खाटेखाली गेला. जेवणही तिथेच मागवले. दुसऱ्या दिवशी तानाबाईने मिक्सर लावला तर तो माझ्या दोन पायांच्या मधे येऊन उभा राहिला, म्हणजे संरक्षण त्याने माझे करायचे की मी त्याचे, हेच कळेना. तुमच्या तांड्यावर अस्वलाला अडवतील अशी कुत्री मी डोळ्यांनी पाहिली आहेत. त्यातून नेमके हेच माझ्या वाट्याला कसे आले? हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही, याचे मला आज आश्चर्य वाटते.

आमच्या गावाची रचना तुम्हाला ठाऊक आहे. घर रस्त्याच्या अलीकडे, वावर पलीकडे, आणि मधून तो चार पदरी रस्ता गेलेला. पेरणीच्या वेळी मी दुभाजकावर उभा असताना एका ट्रकचा वारा लागून पडलो, हेही तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही भेटायला आला होता. गुडघा सुजला. सूज उतरली. डॉक्टर म्हणाले, आता खुशाल फिरा. पण गुडघ्यातले डॉक्टरला किती कळते आणि ज्याचा गुडघा आहे त्याला किती, हा वेगळा विषय आहे. मी काही वावरात गेलो नाही. कपाशीची डवरणी झाली, फवारणी झाली, पऱ्हाटीला पात्या धरल्या, बोंडे लागली, हे सगळे मला मुलगा कपिल मोबाईलवर फोटोत दाखवत होता. ज्याने जन्मभर त्या मातीत पाय घातले त्याने आपले पीक फोटोत पाहावे, हे काही बरे नाही. पण गुडघ्यापुढे इलाज नव्हता (असे मी सगळ्यांना सांगत होतो, तुम्हालाही).

आता सूनबाई. आमची समीक्षा पुसदची, बीएस्सी झालेली, वागायला गरीब (आणि माझा संशय इथूनच सुरू होतो). ती मोबाईलवर कुत्री शिकवण्याचे व्हिडिओ पाहू लागली. एके दिवशी चहा देताना मला म्हणाली, “मामाजी, ठाणेदाराले आपन समतोल पद्धतीनं शिकवू. नुसता लाड केला तं कुत्रं डोक्यावर बसते, नुसती काठी दाखवली तं कोपऱ्यात बसते. दोन्ही जोखून द्या लागते.” चांगले केले की शाब्बास आणि उकडलेल्या अंड्याचा तुकडा, चुकले की पट्ट्याला एक हलका झटका आणि ठसक्यात ‘अंहं’, बस, त्यापुढे रागावणे नाही. आणि भ्यालेल्याला काय करायचे, हेही तिने सांगितले. “त्याले वढत न्यायचं नाही, आन् कुरवाळत बी बसायचं नाही. त्याले झेपते तेवढ्या अंतरावर उभं ठेवायचं. भेव वसरलं की जराक पुढं.” तानाबाई आपल्या चुलीवर अंडे चढू देत नाही, ही घरातली जुनी गोष्ट. त्या दिवशी तिने स्वतः गोठ्यामागे अंड्यासाठी तीन विटांची वेगळी चूल मांडून दिली. तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते.

मी विचारले, यात माझे काय काम? तर म्हणाली, “गोऱ्ह्याले पहिल्यांदा जुंपता तवा तुम्ही जोडीले जुना बैल देता नं? तसा ठाणेदाराले सोबत कोनी धीट मानूस पाह्यजे.” धनसिंगभाऊ, मला सांगा, असे म्हटल्यावर कोणता शेतकरी मागे सरेल? जुना बैल पुढे चालतो, बुजत नाही, आणि गोऱ्हा त्याच्याकडे पाहून शिकतो, हे तर मीच तिला लग्नानंतर पहिल्या पोळ्याला शिकवले होते. मी छाती पुढे काढून पट्टा हातात घेतला. हरभऱ्याच्या झाडावर चढवणे म्हणतात ते हेच, पण चढताना झाड दिसत नाही.

मग रोज संध्याकाळी आमची वरात निघू लागली. पुढे मी आणि ठाणेदार, बाजूला समीक्षा. सुरुवातीला नुसते बाभळीपर्यंत, जिथून ट्रक दिसतात पण अंगावर येत नाहीत. तिथे उभे राहायचे, ट्रक पाहायचे, परत यायचे. ठाणेदार थरथरला नाही तर त्याला अंडे, मला शाब्बास. मला वाटले, मोठ्या माणसाला मान म्हणून म्हणते. मग काही दिवसांनी फाट्यावरच्या गोपालच्या टपरीपर्यंत, रस्त्याच्या अगदी काठाला. गोपालचा आलुबोंडा तुम्ही खाल्ला आहेच. ठाणेदाराबरोबर मी तिथे उभा राहिलो की मला एक आलुबोंडा रश्शात बुडवून मिळे. ज्या दिवशी गुडघा दुखला म्हणून मी बाभळीवरूनच परतलो, त्या दिवशी घरी फिक्का चहा. माझ्या मनात तेव्हा शंकेची पाल चुकचुकली. म्हणून मी परीक्षा घेतली. एक दिवस मुद्दाम बाभळीखाली बसून राहिलो. फिक्का चहा. दुसऱ्या दिवशी टपरीच्याही पुढे चार पावले टाकली. आलुबोंडा, आणि घरी चहात साखर (ज्या साखरेला या घरात डॉक्टरच्या नावाने बंदी आहे!). एवढ्यावर थांबले असते तरी मी योगायोग म्हणालो असतो. पण त्यानंतर मी ओसरीवर बसून सोनाराच्या किसनला माझ्या गुडघ्याची हकीगत सांगू लागलो, तर आतून समीक्षा म्हणाली, “अंहं.” आणि मी वाक्य अर्धवट सोडून गप्प बसलो! ठाणेदाराने माझ्याकडे पाहिले. त्याच्या नजरेत सहानुभूती होती, हे मला सगळ्यात जास्त झोंबले.

तरी माझी समजूत अशी की सवयीने तिच्या तोंडून निघाले असेल. खरे काय ते गोपालने सांगितले. गेल्या आठवड्यात एका दुपारी समीक्षा घरकामात होती, मी एकटाच ठाणेदाराला घेऊन टपरीवर गेलो (आलुबोंड्यासाठी नाही, सरावासाठी). गोपालला म्हटले, अजून जरा दिवस लागतील बुवा, कुत्रे फार भित्रे आहे. तो झारा तसाच हातात धरून माझ्याकडे पाहत राहिला.

“भित्रं? कोन, हे? मारोतकाका, हे तं दिवाळीच्या आंधीपासून रोज सकाळी कपिलभाऊच्या मोटरसायकलच्या टाकीवर बसून वावरात जाते. काल ट्रकवर भुकून राह्यलं होतं.”

भाऊ, मी ठाणेदाराकडे पाहिले. त्याने मान फिरवली. म्हणजे सकाळी हा गडी रस्ता ओलांडून वावर राखायचा, आणि संध्याकाळी माझ्या शेजारी उभा राहून अंडे खात शिकत असल्याचे सोंग करायचा. शिकून झालेल्या कुत्र्याला कोणी रोज संध्याकाळी शिकवते का? मग शिकवणे कोणाचे चालले होते? त्या जोडीत जुना बैल ठाणेदार होता. आणि गोऱ्हा मी.

माझे डोके असे तापले की तिथल्या तिथे कपिलला जाब विचारायचा ठरवला. बापाला आलुबोंड्यावर नाचवता? कपिल वावरात वेचणीवर होता. मी तसाच निघालो. त्याला काय काय बोलायचे, घरात माझी काय किंमत राहिली, हे जुळवत जुळवत चाललो, आणि पहिले वाक्य पक्के झाले तेव्हा माझ्या पायाखाली ढेकूळ फुटले. मी आमच्या वावराच्या धुऱ्यावर उभा होतो. रस्ता मागे राहिला होता. पुढे सगळी पऱ्हाटी फुटून पांढरी झाली होती, बाया ओळीने वेचत होत्या, आणि फोटोत कधी आला नव्हता तो वास येत होता. कपिलसाठी जुळवलेले वाक्य तिथेच राहिले. त्याने कमरेला बांधायचे वेचणीचे फडके माझ्याकडे दिले. मी एक ओळ वेचली. डोळ्यांना पाणी आले. कापसाचे तंतू डोळ्यात जातात, हे कारण मी तयार ठेवले होते, पण कोणी विचारलेच नाही.

परत येताना मात्र राग उरलेला नव्हता, आणि रागाशिवाय तो रस्ता कसा दिसतो ते मला तिथे उभे राहिल्यावर कळले. तुम्हाला स्पष्टच लिहितो: भीती वाटली. गुडघा ठणठणीत होता, पाय उचलत नव्हते. पलीकडे टपरीजवळ समीक्षा येऊन उभी होती (गोपालनेच निरोप धाडला असणार, त्याच्यावरही माझा विश्वास नाही). तिने हाक मारली नाही, हात केला नाही, धावत आली नाही. नुसती उभी राहिली. ठाणेदार माझ्या पायाशी बसून राहिला. ट्रक गेले. आणखी ट्रक गेले. मग जरा मोकळे झाले, आणि ठाणेदार उठला तसा मीही उठलो, म्हणजे चाललो. पलीकडे पोहोचल्यावर ती शाब्बासही म्हणाली नाही. पदराने तोंड पुसत म्हणाली, “मामाजी, चहा थंडा होऊन राह्यला.”

आता तुम्हाला माझा सरळ सवाल. कुत्रे देण्याआधी समीक्षाचा तुम्हाला फोन आला होता काय? तांड्यावरचे सगळ्यात भित्रे द्या, असे ती म्हणाली होती काय? आणि हे जमनीवहिनींना माहीत होते काय? मला गोल गोल उत्तर नको. तुमच्याबद्दल लोभ पूर्वीसारखाच आहे, विश्वासाचे मात्र तुमच्या उत्तरावर ठरेल.

आपला,
मारोतराव

ता. क. : वहिनींसाठी अंबाडीचे बी कागदात बांधून सोबत पाठवतो आहे. पेरायचे आहे, लोणचे घालायचे नाही, एवढे त्यांना सांगा.

ता. क. दुसरा : हे पत्र कपिलजवळ देणार नाही, तो फोडून वाचेल. मीच आर्णीला जाऊन टाकतो. एसटी रस्त्याच्या पलीकडून मिळते. ठाणेदार सोडायला येतो आहे. त्याची इच्छा आहे म्हणून, माझी काही गरज नाही.

ता. क. शेवटचा, आणि हा घरात कोणाला कळू देऊ नका : समीक्षा म्हणते, शिकवणे पुरे झाले, आता संध्याकाळी जायची गरज नाही. पद्धतीत तसेच असते म्हणे, जनावर धीट झाले की सोबत काढून घ्यायची. तिच्याजवळ कामे आहेत, मला समजते. पण चालता चालता ती पुसदच्या कॉलेजच्या गोष्टी सांगायची, मी तिला कोणते वावर कोणाचे ते सांगायचो, आणि इतक्या वर्षांत माझे एवढे बोलणे या घरात कोणी ऐकून घेतले नव्हते. आता संध्याकाळ झाली की मी चपला घालून ओसरीवर बसतो आणि पुन्हा काढतो. करमत नाही, भाऊ. तरी तांड्यावर आणखी एखादे कुत्रे असेल तर राखून ठेवा. बापाची कीर्ती नको, रुबाब नको. सगळ्यांपुढे एकदा ट्रॅक्टर चालू करा, आणि जे सर्वात आधी पळेल ते बांधून ठेवा. न्यायला मी स्वतः येतो.