हळदीचा पिवळा

ती. आईस,
घणसोलीहून अंकुरचा नमस्कार.

मी बरा आहे. डबा वेळेवर येतो. डोळे तेवढे दुखतात, पण दिवसभर लग्नांच्या व्हिडिओंचे रंग बदलत बसल्यावर दुखणारच. हल्ली लोकांना सगळं सिनेमासारखं हवं असतं.

परवा इथल्याच गावातली एक हळद मी तशी केली. सावल्या निळसर, चेहरे तांबूस. नवरीची आई बघायला आली आणि म्हणाली, "आरं, माझे पोरीची हलद कुठं हाय? ही त विटेची भुकटी दिसते." बाईंचं खरं होतं. सगळं परत केलं.

तुझे गुडघे कसे आहेत?

तू पाठवलेला पडवीचा व्हिडिओ पाहिला. चुना छान बसलाय. बाबा त्यात पिवळे दिसले. बल्बचा उजेड असेल म्हणून आधी संगणकावर भिंत पांढरी करून घेतली. ती पांढरी झाली की बाकीचे रंग खरे दिसतात. दोरीवरचं तुझं पातळ पुन्हा हिरवं झालं. बाबांचे डोळे पिवळेच राहिले.

फोन तू स्पीकरवर ठेवतेस, मेसेज बाबाही वाचतात, आणि डॉक्टरचं नाव काढलं की ते उठून जातात. म्हणून गावी निघालेल्या गणूदादाच्या हाती हे देतोय. त्याच्याच रिक्षातून त्यांना आजच दवाखान्यात ने.

घाबरू नकोस. मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. हळदीसारखी याही वेळी माझीच चूक निघू दे.

तुझा,
अंकुर