विचारल्याशिवाय दिलेल्या गोळ्या

अण्णा, आज भर बाजाराच्या दिवशी दुकानाचं शटर ओढून आत बसलेय. जिंतुरात चौकशी सुरू झाली असेल, मेडिकल बंद कसं म्हणून. तुम्ही असं कधी केलं नसतंत.

ती सुट्टी आठवते का तुम्हाला? परभणीच्या कॉन्व्हेंटमधून मी घरी आले होते. पाकिटांवरची इंग्रजी नावं तुमच्यापेक्षा भरभर वाचता येतात म्हणून ऐटीत काउंटरवर उभी. एका माणसानं दुखण्याच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट पुढे केलं, "हीच द्या." मी दिली. तुम्ही आतून आलात, न विचारता काय दिलं ते ऐकलंत आणि अनवाणीच बाहेर पळालात. भर बाजारातून त्याला हाताला धरून परत आणलंत. गोळ्या त्याच्यासाठी नव्हत्याच, त्याच्या सात महिन्यांच्या गरोदर बायकोची पाठ दुखत होती; त्या गोळ्या पोटातल्या बाळाला घातक. त्याच्यादेखत तुम्ही मला म्हणालात, "कोणाला पाहिजे, कधीपासून दुखतंय, दुसरं औषध काय चालू आहे, एवढं विचारायला काय जातं? इंग्रजी येतं म्हणून दुकान येतं असं नाही, बाई." मी रडत आत गेले. आई तुमच्यावर चिडली, "पोरगी चार दिवस आलीय, तिला तरी सोडा." तुम्ही सोडलं नाहीत.

पुढे फार्मसी शिकले, तुमच्यामागे दुकान धरलं. पुष्कळ वर्षं विचारतही होते. हल्ली विचारलं की लोक चिडतात. "काकू, तुमी डॉक्टर हाव का? द्या की पटकन." मग एक प्रश्न गळतो, दुसरा गळतो. कापूस वेचायला जाणारी एक मावशी दिवाळीपासून यायची. पदराची गाठ सोडून रिकामं पाकीट काढायची. "कंबर लय धरायलीय माय, हीच दे. तुज्या हाताला गुण हाय." मला बरं वाटायचं ते ऐकून. दर आठवड्याला देत गेले. तिला बीपीची गोळी चालू आहे हे मला कळलं नाही, कारण मी विचारलंच नाही.

आज तिची सून आली. म्हातारीचे पाय सुजले म्हणून परभणीला नेलं, तर किडन्या खराब झालेल्या. आता डायलिसिस चालू आहे. बीपीच्या औषधासोबत इतके दिवस दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्या, त्यानं झालं असं डॉक्टर म्हणतात. सुनेच्या बोलण्यात माझ्यावर राग नव्हताच. "डॉक्टर इचारायलेत, कोन देत व्हतं? म्या सांगितलं, आमचं मेडिकल तसलं न्हाई. बाईच्या वडलापासून तिथं इचारल्याबिगर गोळी मिळत न्हाई. म्हातारीच हेकट, आपल्या मनानं जास्त खात ऱ्हायली. घरातले समदे तिलाच बोलायलेत, अन् ती दवाखान्यात नुसती भिंतीकडं तोंड करून पडून हाय." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "तुमी बजावलं व्हतं ना, बाई, जास्त खाऊ नको म्हनून?"

मी हो म्हणाले, अण्णा.

ती गेली तशी मी वही घेऊन बसले. खरं तर परभणीच्या दवाखान्यात जाऊन तिच्या घरच्यांसमोर बोलायला हवं, म्हातारीला ऐकू जाईल असं. गाडी अर्ध्या अर्ध्या तासाला आहे. तुम्हाला हे लिहिता लिहिता दोन गेल्या.