तोबीच्या रांगेसाठी दोरी

२ ऑक्टोबर

आमच्या खेळण्यांच्या दुकानात तोबीचे चाळीस खोके आले. हातात धरून खेळायचं नवं गेमयंत्र. येत्या आठ तारखेला देशभर एकदमच विक्रीला निघणार. ऑर्डर ह्यांनी इस्पितळातल्या खाटेवरून दिली होती. दहा सप्टेंबरला हे गेले. माल वेळेवर आला.

कंपनीचा माणूस हिगाकी खोके उतरवताना म्हणाला की स्टेशनजवळच्या मोठ्या दुकानानेसुद्धा एवढे घेतलेले नाहीत. त्यांच्याकडे ह्यांच्यासारखा माणूस नसेल, मी म्हटलं. न खपलेला माल परत घेणार नाही, असंही तो दोनदा बोलला. कोण परत देतंय.

ह्यांचा अंदाज कधी चुकला नाही. उड्या मारणाऱ्या बेडकांचं वर्ष सोडून. ते बेडूक अजून माळ्यावर आहेत.

३ ऑक्टोबर

नागोयाहून लेकीचा, सावाकोचा फोन. अठ्ठावीसला, एकोणपन्नासाव्या दिवशी, ह्यांच्या अस्थी थडग्यात ठेवायच्या, त्याच दिवशी दुकानाचंही ठरवू म्हणाली. तोबी खपत असेल तर तू खुशाल दुकान चालव. नसेल तर शटर खाली, आणि माझ्याकडे राहायला ये. खोली तयार आहे म्हणे. मला माहीत आहे ती खोली. जावयाची व्यायामाची सायकल असते तिथे. सायकल कुठे हलवणार, असं विचारलं तर लेक हवापाण्याचं बोलायला लागली.

अट मान्य केली. उगाच घासाघीस कशाला. जिंकणारीच आहे मी.

५ ऑक्टोबर

ग्रंथालयातून दोन पुस्तकं आणली. एक विक्रीकलेवरचं, एक सुतकाच्या रीतींवरचं. मी शाळा लवकर सोडली, वाचन नाही.

घरात सुतक असल्याचा काळ्या काठाचा कागद दुकानाच्या दारावर आहे. आमच्या बाजारातले लोक तो क्रियाकर्म उरकलं की काढून टाकतात. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, एकोणपन्नासाव्या दिवसापर्यंत ठेवणं उत्तम. ठेवणार. दारावर दुसरी जागा नसल्याने तोबीचं पोस्टर त्याच्या बरोबर खाली लावलं. दोन्ही एकदमच नजरेत भरतात.

तोबीचं माहितीपत्रकही अथपासून इतिपर्यंत वाचलं. दुकानदाराला सगळं ठाऊक असावं.

७ ऑक्टोबर

उद्याची तयारी. ह्यांची रीत अशी की नवा खेळ निघायचा त्या पहाटे दारापासून न्हाव्याच्या कोपऱ्यापर्यंत दोरी बांधायची. रांग दोरीला धरून. रांगेतल्यांना बार्लीचा गरम चहा. दोरी शोधली, धुतली, वाळवली.

न्हावी उशिजिमा म्हणजे ह्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. रांगेत कायम पहिले. त्यांना सांगून आले, उद्या उशीर करू नका. "बघू वहिनी," एवढंच म्हणाले. हातात वस्तरा होता, समोर गिऱ्हाइकाचा गाल. जास्त कसं बोलणार?

संकल्प: उद्या हसायचं. चाळीस खोके एका दिवसात गेले तर रडायचं नाही.

८ ऑक्टोबर, दुपार

सकाळी कोणी नाही. चहा दोनदा गरम केला.

नंतर तोफूवाली आजी आली. दोरी बघून थबकली, दारावरचा कागद वाचला, माझा काळा सुतकी पोशाख बघितला आणि शिस्तीत दोरीला धरून उभी राहिली. तिला बघून मागे आणखी माणसं. रांग लागली. मला भरून आलं.

दार उघडलं. आजी आत आली. मांडून ठेवलेल्या तोबीच्या खोक्यांसमोर तिने हात जोडले, वाकली, शोकाच्या पैशांचं पाकीट माझ्या हातात दिलं, म्हणाली, "फार भले होते हो," आणि गेली. मागच्यानेही तेच केलं. त्याच्या मागच्यानेही. प्रत्येकाला चहा दिला.

तोबी एकानेही मागितला नाही. लाजले असतील.

रात्री

पुस्तकात पाहिलं. आलेल्या पाकिटाच्या निम्म्या किमतीची भेट परत द्यावी लागते. म्हणजे पहिल्याच दिवशी रांग लागली आणि देणं माझ्याच अंगावर आलं. काही हरकत नाही. गर्दी तर झाली.

११ ऑक्टोबर

एक आई आणि तिची शाळकरी मुलगी. मुलगी थेट तोबीशी. मी खुर्ची दिली आणि माहितीपत्रक वाचून दाखवलं, सूचनांसकट. सतत खेळल्यास डोळे दुखतात. काहींना झटका येऊ शकतो. बॅटरी शाळा सुटल्यापासून जेवणापर्यंतही पुरत नाही. यंत्रात एकच खेळ आहे, मासेमारीचा, बाकीचे नवीन वर्षात येणार. आईने माझे मनापासून आभार मानले. तुम्ही होतात म्हणून वाचलो, म्हणाली. दोघी रिकाम्या हाताने गेल्या.

विश्वास कमावला. विक्री त्याच्या मागून येते, असं विक्रीकलेच्या पुस्तकातच आहे.

१३ ऑक्टोबर

तोबी सावकाश का खपतो यावर विचार केला. कंपनीची चूक. खेळच नाहीत आणि यंत्र काढलं. म्हणजे घरात तांदळाचा दाणा नाही आणि कुकर आणला. पण शहाणी माणसं कुकर आधीच घेऊन ठेवतात. आमच्या गावात शहाणी माणसं कमी. शिवाय जो तो फोनवरच खेळतो. शिवाय थंडी लवकर पडली.

ह्यांचा दोष नाही. माझा तर नाहीच.

१५ ऑक्टोबर

गेला! पहिला तोबी गेला!

इस्पितळात ह्यांचं करायला होती ती नर्स निशिवाकी. आली, किंमतही न विचारता एक घेतला. डोळे भरून आले होते तिचे. मी सूचना वाचायला लागले तर म्हणाली, राहू द्या. अशी गिऱ्हाइकं हवीत. आता ती सगळ्या वॉर्डात दाखवणार. इस्पितळात माणसांना वेळच वेळ असतो. हे आधी कसं सुचलं नाही?

सावाकोला फोन करून सांगितलं, विक्रीला सुरुवात झाली. किती, असं तिने विचारलं. मी म्हटलं, सुरुवात झाली.

१९ ऑक्टोबर

निशिवाकी परत आली. खोका तसाच, न उघडलेला. परत घ्या असं नाही म्हणाली, नुसता काउंटरवर ठेवला. नंतर म्हणाली, "काकू, मला झोप लागत नाही. काकांना चारच हवे होते. ऑर्डर देताना ग्लानीत चाळीस सांगून बसले. शुद्धीवर आल्यावर मला म्हणाले, फोन करून कमी करून घे, आणि हिला सांगू नकोस, हसेल. मी फोन लावला, लागला नाही. मग त्यांचा ताप चढला, आणि माझ्याकडून राहून गेलं."

मी तिला चहा दिला. तापात माणूस काहीही बरळतो, समजावलं. चार म्हणाले तेव्हा ताप होता. चाळीस म्हणाले तेव्हा नव्हता. साधी गोष्ट आहे.

विकलेला माल परत घ्यायचा नाही ही ह्यांची रीत. खोका तिच्या हातात दिला आणि दारापर्यंत सोडायला गेले. बिचारी रस्त्यात उभी राहून वाकून वाकून नमस्कार करत होती.

हसले नसते मी. एवढं तरी ठाऊक हवं होतं त्यांना.

२३ ऑक्टोबर

उशिजिमांकडे परतभेटीचा टॉवेल द्यायला गेले. त्यांनी घाईने काहीतरी मांडीवरच्या कपड्याखाली सरकवलं. कपड्याखालून मासा गळाला लागल्याची धून वाजली.

तोबी. स्टेशनजवळच्या दुकानातला. पहिल्याच दिवशी घेतलेला.

मला बघून त्यांचा चेहरा साबण लावल्यासारखा पांढरा. मग म्हणाले, "वहिनी, दारावर सुतकाचा कागद. त्याच्याखालून आत येऊन तुमच्याकडे खेळणं कोणत्या तोंडाने मागू? बाजारात सगळे हेच म्हणतात. तुम्हाला सांगणार कोण?"

मला राग यायला हवा होता. उलट ओझं उतरलं. कारण सापडलं! बॅटरी नाही, थंडी नाही, चार नाही चाळीस नाही. नुसता कागद! ह्यांचा अंदाज बरोबरच होता.

कागद आजच काढला असता. पण पुस्तक एकोणपन्नास म्हणतं, आणि ह्यांच्या बाबतीत मला घाई करायची नाही. अठ्ठावीसला काढते. मग बघा.

२८ ऑक्टोबर

मंत्र झाले. अस्थी थडग्यात ठेवल्या. दगड सरकवताना आवाज झाला, तेवढाच.

जेवताना मी सावाकोला म्हटलं, कागद निघाला की गर्दी होईल, फक्त उद्याचा दिवस दे. तिने माझ्या वाटीत स्वतःचा रताळ्याचा तुकडा ठेवला. लहानपणी तिला रताळं फार आवडायचं.

नंतर देवळाच्या फाटकाशी ती उशिजिमांशी हळू आवाजात बराच वेळ बोलत होती. ते मान हलवत होते. दुकानाचंच बोलणं, मी दुकान हा शब्द ऐकला. उद्या माणसं पाठवा, असं सांगत असणार. पोरगी वरून कडक आहे, आतून बापावर गेली आहे.

घरी येऊन कागद काढला. दोरी बांधली.

२९ ऑक्टोबर

रांग लागली. कोपऱ्याच्याही पुढे. हे असतानाही एवढी कधी नव्हती. पहिले उशिजिमा. मी हसले, ठरवल्याप्रमाणे.

ते म्हणाले, "वहिनी, सगळ्यावर निम्मी सूट आहे ना? सावाकोने काल सांगितलं, दुकान बंद होतंय. सगळ्यांना कळवलंय मी."

सावाको माझ्या मागेच उभी होती. "आई," म्हणाली, "तुला समजावता समजावता दमले असते, म्हणून परस्पर सांगितलं."

माणसं आत आली. जिगसॉ गेले, पतंग गेले, पत्ते गेले. माळ्यावरचे बेडूकसुद्धा गेले. तोफूवाली आजी दोन घेऊन गेली. तोबीकडे एकाने बघितलं, निम्म्या किमतीत. त्यानेही माहितीपत्रक वाचून खोका ठेवून दिला.

शेवटी एक बाई गल्ल्यामागची ह्यांची खुर्ची दाखवून, ही विकायची का, विचारू लागल्या. मी नाही म्हणेपर्यंत सावाकोने किंमत सांगितली होती. बाईंनी घासाघीस केली नाही. चांगली खुर्ची आहे, म्हणाल्या. आहेच.

रात्री

शटर खाली. महिनाअखेरपर्यंत हिशेब आवरायचे म्हणून मी इथेच आहे. खुर्ची नाही, तर तोबीचे खोके एकावर एक रचून बसले. चार ठेवले तर उंची अगदी बरोबर होते.

म्हणजे चार लागणार होतेच.