सोबत थोडं आपलं

सोमवार, ता. ४

पोचले एकदाची. लग्नाला नऊ वर्षं झाली आणि एकटीने केलेला हा पहिला प्रवास. निघताना नवरा म्हणाला, काय हवं ते घे, पण ठेवणार कुठे ते आधी सांग. मी नेहमीप्रमाणे ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सहा वर्षांच्या छकुलीने मात्र हातात यादीच दिली आहे.

लॉजच्या मागेच कारागिरांची गल्ली आहे. कुंभार, वाइनवाला, जुन्या पुस्तकांचं दुकान आणि टोकाला सगळ्यांची पार्सलं बांधणाऱ्या एक मावशी. टपालगाडी रोज जाते, प्रवाशांची फक्त सोमवारी. म्हणजे आठवडाभर नुसती खरेदी. मी इतकी खूश आहे की झोप येणं कठीण.

मंगळवार, ता. ५

मातीचं पातेलं घेतलं. घासाघीस करायला पदर खोचून उभी राहिले, तर कुंभाराने पहिल्याच शब्दाला मान डोलावली. सगळी मजाच गेली.

पार्सल बांधण्याआधी मावशींनी ओल्या मातीच्या चकतीवर माझा पंजा उमटवून घेतला. म्हणाल्या, "वस्तू नुसती गेली तर घरात परकी राहते. सोबत थोडं आपलं द्यावं." किती गोड पद्धत. चकती पातेल्यात ठेवून त्यांनी सुतळीची गाठ मारली.

बुधवार, ता. ६

नवऱ्यासाठी वाइनची बाटली आणि छकुलीसाठी गोष्टींचं जुनं पुस्तक. मावशींनी बाटलीतला एक घोट मला प्यायला लावून बूच परत बसवलं. पुस्तकात माझ्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या.

दुपारचं जेवण अगदीच बेचव. दोनदा मीठ मागितलं, मग नुसतीच मिरची चावली. काहीच नाही. सर्दी होणार बहुतेक.

संध्याकाळी लॉजच्या काउंटरवरून घरी फोन केला. पातेलं पोचलंसुद्धा. नवऱ्याने त्यात भाजी केली, ती म्हणे थेट माझ्या हातची झाली. ज्या माणसाला चहा धड जमत नाही, त्याची.

गुरुवार, ता. ७

सकाळी छकुलीला मातीची शिट्टी घेतली. मावशींच्या सांगण्यावरून शिट्टीला तोंड लावून तिला हाक मारली. गल्लीतले सगळे हसले, मीही हसले.

दुपारी हात धुताना दिसलं. उजव्या तळहातावर एकही रेष नाही. बोटांच्या टोकांवरही नाही. सगळं गुळगुळीत.

आणि हे अक्षर. मंगळवारचं पान शेजारी धरून पाहिलं. हे डावीकडे कललेलं, मोडकं अक्षर माझं नाही.

मला भीती वाटते आहे. धावत गेले, टपालगाडी निघून गेली होती. मावशी शांतपणे सुतळी गुंडाळत होत्या.

फोनवर नवरा म्हणाला, फ्रिजवरची तुझी चिठ्ठी आज दिसली, दूध आणि छकुलीची वही आणली. मी कसलीही चिठ्ठी लिहिली नव्हती. सांगायला गेले तर घसा बसलेला. त्याला वाटलं, लाइन खराब आहे.

शुक्रवार, ता. ८

आवाज गेला. कुजबुजसुद्धा नाही.

तरी फोन लावला. छकुलीने उचलला. मी नुसती श्वास घेत राहिले. तिने मागे वळून सांगितलं, "आई, कुणी बोलतच नाही."

मागून उत्तर आलं, "ठेव गं फोन. वेणी घालायची राहिलीय."

माझा आवाज.

माझ्या मुलीची वेणी कोण —

शनिवार, ता. ९

लॉजमालकाला चिठ्ठी लिहून फोन करायला लावला. तो बोलला, ऐकलं, माझ्याकडे बघत फोन ठेवला. म्हणाला, बाई तर घरीच आहेत.

सोमवारची गाडी — तोवर फार उशीर —

ही वहीच पाठवते. आजच्याच टपालाने. पहिली पानं माझ्या अक्षरात आहेत, नवरा ओळखेल. मावशी समोर उभ्या आहेत. यात सोबत काही घालायला नको म्हणाल्या, यातच पुष्कळ आहे.

अहो, छकुलीला घेऊन बाहेर पडा. घरातल्या त्या बाईला काही विचारू नका. जेवणाला हात लावू नका. पोरीला एक क्षणही तिच्यापाशी —

मावशींना नवऱ्याचं नाव लिहून दिलं. त्यांनी पत्त्यावर माझं घातलं. म्हणे सगळ्याच पार्सलांवर माझं होतं, ज्याचं नाव तो माणूस घरी असला की पार्सल त्याच्याच हातात देतात. म्हणजे वही तीच दारात घेणार, उघडणार —