पडद्यांची दुमड

ती. आईस, तुझ्या ठमीचा साष्टांग नमस्कार.

आम्ही दोघं खुशाल आहोत. नव्या घरात ऊन छान येतं, नळाला पाणीही भरपूर आहे, तेव्हा उगाच काळजी करत बसू नकोस.

परवा एक गंमत झाली. पडद्यांचं माप घ्यायला शिंपी आला, तर मी म्हटलं, "खालचं जास्तीचं कापड कापू नका, आत दुमडून टाका. पुढच्या घराची खिडकी उंच निघाली तर?"

तो म्हणाला, "ताई, घर भाड्याचं आहे का?"

तुझे जावई हसत सुटले. म्हणाले, "अगं, स्वतःचं घर आहे. आता कुठे व्हायचीय तुझी बदली?"

पलटणीचा हुकूम बाबांना यायचा, पण घर हलवायचीस तू. नव्या क्वार्टरमध्ये पेट्या उघडायच्या आधी तू पडद्यांची दुमड उसवायचीस. शाळा नवी, मैत्रिणी नव्या, पण पडद्यांवरची तीच पिवळी फुलं बघत मी झोपायचे. ठमी कधी रडत नाही, असं तू सगळ्यांना कौतुकाने सांगायचीस. रडायचे गं, त्याच पडद्यामागे.

बाबांचा गुडघा कसा आहे? निवृत्त होऊन वर्ष झालं तरी एक पेटी अजून बांधलेलीच आहे, असं दादा म्हणत होता.

शिंप्याला मी अखेर कापायला सांगितलं. कात्री चालेपर्यंत मी तिथेच उभी होते.

आई, खरं सांग, तुमच्या घरातल्या पडद्यांची दुमड तू कापलीस का?

तुझीच,
ठमी