एका मीटरवर अकरा जण

गुरुवार, संध्याकाळ

विजेचे नवे दर आज इथल्या, आखातातल्या नगरपालिकेत मंजूर झाले. तक्ता मी बनवलेला. ज्या मीटरवर जास्त युनिट, त्याला चढा दर. आमचे अरब साहेब खूश: "खलास, हबीबी!" म्हणजे काम फत्ते, दोस्ता. मीही खूश होतो, संदेशच्या खोलीवर जाईपर्यंत.

संदेश आमच्या गुहागरचा, याच नगरपालिकेच्या हद्दीत वेल्डर. त्याच्या बायकोने पाठवलेली आमसुलं द्यायला गेलो. खोलीत अकरा जण घामाने निथळत बसलेले आणि एसी बंद. रिमोट? कपाटात, कुलपात. "झोपतानाच काढतो, दादा. मीटर एकच ना, बिल सगळ्यांत वाटायचं." वर म्हणतो, "तुम्ही लाइटच्या कामात आहात, आमचं जरा बघा."

"बघतो," म्हणालो. काय बघतो? अकरा जणांची वीज एका मीटरवर, म्हणजे माझ्या तक्त्यात ते बंगलेवाले! घरात माणसं किती, हा रकाना होता की. मीच काढला, तक्ता एका पानात बसावा म्हणून. आणि शारजात मी स्वतः चार वर्षं नऊ जणांत राहिलो. तेव्हा आमचाही रिमोट कुलपातच असायचा. कसं विसरलो?

संदेशला सांगायचं धाडस झालं नाही. चहा पिऊन निघालो.

घरी आल्या आल्या एसी बंद केला. मुलगी आतून ओरडली, "बाबा, इट्स सो हॉट!" रिमोट माझ्या हातातच होता. परत चालू केला.